जोडरुळावर चुकलेला हात

सकाळपासून मधलीचा पाय एका जागी ठरत नव्हता. चहाचं आधण ठेवायची, उकळी यायच्या आत उतरवायची, खिडकीशी जायची आणि परत फिरायची. खाटेखालची ट्रंक दिसू नये म्हणून चादर खाली ओढायची. मग ती मुद्दाम ओढल्यासारखी दिसते म्हणून पुन्हा वर सारायची. ट्रंक अर्धी भरलेली होती, आणि अर्धी भरल्यापासून तशीच पडून होती.

खाणीतलं दिवेघर बंद झालं त्याच दिवशी तिने ती बाहेर काढली होती. इतकी वर्षं ती खाणकामगारांना खाली उतरताना दिवे द्यायची आणि वर आल्यावर मोजून घ्यायची. आता उतरणारी माणसंच इतकी कमी झाली होती की दिवे द्यायला पहारेकरी पुरत होता. दूरच्या शहरातल्या एका इस्पितळाने तिला भांडार सांभाळायला बोलावलं होतं. तिने होकार कळवूनही टाकला होता. फक्त भावांना सांगायचं तेवढं राहिलं होतं, आणि तेवढंच तिच्याने होत नव्हतं.

कारण उघड होतं. थोरला आणि धाकटा, दोघेही ट्रामचे ड्रायव्हर, नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायचं झालंच तर मधलीच्या तोंडून. "मधले, त्याला सांग." "ताई, त्याला विचार." बाबा गेले तेव्हासुद्धा खांदा कुणी कुठल्या बाजूला द्यायचा हे या दोघांनी तिच्यामार्फत ठरवलं होतं. दिवेघरातले लोक तिला टपालबाई म्हणायचे आणि ती हसायची. हसण्यासारखं त्यात काही नाही हे तिला आताशा कळायला लागलं होतं. ती गेली तर या दोघांत उरणार काय? सगळं आयुष्य दोन हट्टी माणसांमधली भिंत होऊन काढायचं का, असं ती स्वतःला विचारायची, आणि उत्तर द्यायच्या आत चहाचं आधण ठेवायची.

"वन्सं, तुम्ही बसा बघू जरा," थोरली वहिनी म्हणाली. "तुमच्याकडे बघून मलाच धाप लागली."

थोरली खिडकीकडच्या खुर्चीत बसली होती आणि धाकटी दाराजवळच्या स्टुलावर. दोघी जावांनी मधे पुरेसं अंतर ठेवलं होतं. वास्तविक नवरे कामावर गेले की या दोघी मागच्या कुंपणाशी उभ्या राहून तासन् तास बोलत. एकीचं शिवणयंत्र दुसरीकडे असायचं आणि दुसरीची इस्त्री पहिलीकडे. पण आजचा दिवस वेगळा होता. आज दोघी आपापल्या नवऱ्याच्या बाजूने आल्या होत्या.

डेपोच्या साहेबाने आदल्या दिवशी दोघा भावांना वेगवेगळं बोलावून एकच गोष्ट सांगितली होती. सोमवारपासून लाईनवर एकच गाडी धावणार, म्हणजे ड्रायव्हरही एकच लागणार. "तुम्ही भाऊभाऊ आहात, आपसात ठरवा आणि उद्या संध्याकाळपर्यंत नाव सांगा," असं म्हणून त्याने हात झटकले होते. बाबांच्या वेळी या रुळांवर सहा गाड्या धावत. पाळी सुटली की माणसं पायऱ्यांवर लोंबकळून घरी यायची. आता बाजारातली निम्मी दुकानं कुलपात होती आणि ट्राममधल्या बाकांवर माणसांपेक्षा छतातून गळणारं पाणीच जास्त बसायचं. लाईन बंद पडणार हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. पण बंद पडेपर्यंत ती कोण चालवणार, हा प्रश्न होताच.

"गाड्या आल्या," धाकटी म्हणाली.

मधली खिडकीशी गेली. खाणीपासून बाजारापर्यंत रूळ एकच होता. फक्त तिच्या घरासमोर तो थोड्या अंतरापुरता दोन व्हायचा, म्हणजे वरून येणारी आणि खालून येणारी गाडी एकमेकींना वाट देतील. याला सगळे जोडरूळ म्हणत. जोडरुळाच्या पुढे जायचं तर ड्रायव्हरच्या हातात त्या पट्ट्याचं टोकन असायलाच हवं. चामडं गुंडाळलेलं लोखंडी कडं असायचं ते. वर खाणीकडे जायला वरचं, खाली बाजाराकडे जायला खालचं. कडं एकेकच, त्यामुळे एका पट्ट्यात दोन गाड्या कधी समोरासमोर यायच्या नाहीत. कडं हातात नसताना इंचभरही पुढे जायचं नाही, हे बाबांनी दोघांना अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं.

जोडरुळावर कड्यांची अदलाबदल व्हायची. नियमाप्रमाणे त्यासाठी गाड्या थांबवायच्या असत, पण या घराण्यात तो कमीपणा मानत. गाडी हळू करून बाहेर झुकायचं, एका हाताने आपलं कडं द्यायचं आणि दुसऱ्या हाताने समोरच्याचं घ्यायचं. अबोला धरूनही दोघा भावांचे हात रोज असे एकमेकांना भेटत होते. मधली काहीही हातात असलं तरी ते बाजूला ठेवून तेवढं बघायला खिडकीशी यायची.

आजही गाड्या हळू झाल्या. थोरला झुकला, धाकटा झुकला. गाड्या एकमेकींना घासून गेल्यासारख्या पुढे सरकल्या आणि थांबल्या. पण धाकटा तसाच बाहेर झुकलेला राहिला, एक हात पुढे केलेला. मग त्याने तो हात सावकाश आत घेतला. मधलीला काहीतरी खटकलं, पण काय ते कळलं नाही.

दुपारची सुटी होती. दोघे मागेपुढे घरात आले. थोरला खुर्चीवर बसला आणि धाकटा भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्या खांद्याला कडी अडकवलेली होती. एरवी तो कडं गाडीतच ठेवायचा.

"मधले," थोरल्याने घसा साफ केला, "त्याला विचार, त्याचं काय म्हणणं आहे."

"ताई, त्याला सांग, माझं म्हणणं त्याला माहीत आहे."

"त्याला सांग, मला मनातलं ओळखता येत नाही."

"त्याला सांग, माझ्याबद्दल साहेबाच्या कानाला लागायचं असतं तेव्हा मात्र सगळं ओळखता येतं."

बोलण्याची गाडी अखेर जुन्या वळणावर आलीच होती. नऊ वर्षांपूर्वी धाकट्याने वरचं कडं हातात नसताना गाडी खाणीकडे काढली होती, आणि थोरल्याने ते डेपोत कळवलं होतं. धाकट्याला त्यासाठी वर्षभर ड्रायव्हरच्या जागेवरून काढून रुळांवरची माती उपसायला लावलं होतं. सगळ्या गावासमोर, रोज, फावडं घेऊन.

"मोठ्याचा मान मोठ्याला," थोरली वहिनी विषय उचलत म्हणाली. "यांनी या लाईनवर केस पांढरे केले. आता घरी बसा म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं?"

"केस पांढरे झाले म्हणजे विश्रांतीची वेळ झाली, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "आमच्या लेकींची शाळा व्हायची आहे अजून. तुमचा मुलगा तरी कमावता आहे."

"मुलाच्या जिवावर जगायचं का आम्ही? हातपाय धड असताना?"

मधलीने चहाचे कप आणले. थोरल्याने कप घेतला, एक घोट प्याला आणि टेबलावर ठेवला. निदान तो टेबलावर ठेवतोय असं त्याला वाटलं. कप काठाच्या बाहेर सुटला आणि खाली पडून फुटला.

"हे टेबलच वाकडं आहे मेलं," थोरली इतक्या झटकन म्हणाली आणि पदराने फरशी पुसायला इतक्या घाईने वाकली की मधली तिच्याकडे बघतच राहिली. टेबल बाबांनी ट्रामच्या जुन्या बाकाच्या फळीतून बनवलं होतं. ते आजवर कधी वाकडं नव्हतं.

बाहेर घंटा वाजली. सुटी संपल्याची. लोक गाड्यांत चढायला लागले होते.

थोरला उठला आणि दारापर्यंत जाऊन थांबला. त्याने आपला रिकामा हात बघितला आणि मागे वळला. चेहरा तांबडा झाला होता.

"मधले, त्याला सांग, माझं कडं दे."

धाकट्याच्या खांद्याला दोन कडी होती, वरचं आणि खालचं. हे मधलीच्या आत्ता लक्षात आलं.

"ताई, त्याला सांग," धाकटा भिंतीकडे बघत म्हणाला, "त्यालाच माझ्या हातचं नको होतं."

"त्याला सांग, खोटं बोलू नकोस! नऊ वर्षांत मी कधी कडं नाकारलं नाही. तूच आज दिलं नाहीस. लाईन आपली होणार म्हणून आत्तापासूनच दोन्ही गळ्यात घालून मिरवतोय."

"ताई, त्याला सांग..."

"नाही सांगणार," मधली म्हणाली.

आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. बाहेर घंटा पुन्हा वाजली आणि कुणीतरी "अहो, चला की!" म्हणून ओरडलं.

"काय म्हणालीस?" थोरल्याने विचारलं.

"नाही सांगणार. तुमच्या दोघांत खुर्चीएवढं अंतर आहे. त्यातून माझी मान इकडून तिकडे फिरून फिरून मोडायची वेळ आली. तुला कडं हवंय ना? मग माग." तिने खाटेखालून ट्रंक ओढून खोलीच्या मध्यभागी आणली. "आणि मी पुढच्या आठवड्यात जातेय. शहरात, इस्पितळात कामाला. कायमची. त्यामुळे हे उद्यापासूनही सांगणार नाही आणि परवापासूनही नाही."

सगळ्यात आधी दोघी जावांना वाचा फुटली, आणि ती एकाच वेळी फुटली.

"वन्सं, हे काय भलतंच?" थोरली म्हणाली. "तुम्ही गेलात तर या घराचं काय होईल?"

"आम्हाला एका शब्दाने बोलला नाहीत," धाकटी म्हणाली. "मग दोघांचं कोण एकमेकांना सांगणार?"

"हो ना! तुम्ही होतात म्हणून निभावलं."

"आत्तापर्यंत मांडीला मांडी लावत नव्हतात दोघी," मधली म्हणाली. "मी जाते म्हटल्याबरोबर लगेच एक झालात? छान. मग नवऱ्यांनाही तेवढं शिकवा. तुम्ही कुंपणाशी रोज बोलता ते मला दिसतं. माझ्या खिडकीतून ट्रामच दिसते असं नाही."

थोरली जाऊ गोरीमोरी झाली. धाकटीने तोंडाला पदर लावला आणि हसू दाबलं. दोघे भाऊ आपापल्या बायकोकडे असे बघत होते की जणू शेजारचं घर आज पहिल्यांदाच दिसलं.

बाहेर घंटा सतत वाजायला लागली. थोरला धाकट्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे ओठ दोनदा हलले. आता हा परत माझ्याकडे वळला तर मी सांगेन, मधलीने मनात कबूल केलं, माझ्यात तेवढा दम नाही. तिने ट्रंकेची कडी घट्ट धरून ठेवली.

"कडं दे," थोरला म्हणाला. थेट धाकट्याला.

धाकट्याची पापणी लवली नाही. "मी दिलं होतं."

"नव्हतं दिलंस."

"दादा, मी दिलं होतं! असा हात पुढे केला होता." त्याने खालचं कडं खांद्यावरून काढून थोरल्याच्या पुढ्यात धरलं, जसं जोडरुळावर धरतात तसं. "तुझा हात बाजूने गेला. वीतभर बाजूने. तू मूठ मिटलीस आणि पुढे निघून गेलास. मला वाटलं, दादाने मुद्दाम..."

तो बोलता बोलता थांबला. थोरल्याने कडं घ्यायला हात पुढे केला होता. हात कड्याच्या शेजारून गेला आणि हवेत मिटला.

थोरल्याने मूठ उघडली आणि बघितली. मग दुसऱ्यांदा सावकाश हात फिरवत नेला, चामड्याला बोटं लागली आणि ती तिथेच थांबली.

"कधीपासून?" मधलीने विचारलं.

उत्तर थोरलीने दिलं. तिने पदर तोंडाशी धरला होता. "गेल्या वर्षापासून. संध्याकाळी वरच्या वळणावरचा एक दिवा यांना दोन दिसतो. मी म्हणते, डॉक्टरला दाखवा. म्हणतात, रुळावरची गाडी आहे, ती कुठे रस्ता चुकणार. रोज रात्री दार उघडून उभी असते मी, पायरी दिसते की नाही म्हणून." ती एकदम रडायला लागली. "मघाशी भांडले ते उगाच नाही भांडले. हा माणूस ट्राम सोडून घरात कसा बसेल ते मलाच समजत नाही."

धाकटी उठली, तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिचा हात धरला. आता या दोघींत काही अंतर उरलं नव्हतं.

"आणि तू गाडी चालवत राहिलास?" धाकटा ओरडला. नऊ वर्षांचं साठलेलं सगळं त्या ओरडण्यात होतं. "माणसांनी भरलेली? मला माती उपसायला लावलीस ते एकदा विनाकड्याची काढली म्हणून! त्या दिवशी माझी बायको अडली होती, दादा. खाणीच्या दवाखान्यात. मला वर पोचायचं होतं."

"मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"समोरून मीच येत होतो ना. गाडीत पहिली पाळी सुटलेली माणसं. वळणावर तुझा दिवा दिसला आणि मी ब्रेक असा ओढला की माणसं एकमेकांवर पडली. तू थांबलास तेव्हा आपल्या दोन गाड्यांमधे एक माणूस आडवा झोपला असता, त्यापेक्षा जास्त जागा नव्हती." थोरल्याचा आवाज खाली आला. "त्या रात्री मी जेवलो नाही. तुझं नाव नसतं दिलं तर तू पुन्हा काढली असतीस. मी असतो तर मीही काढली असती. म्हणून दिलं."

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

"तू बोलत नव्हतास!"

"तू तोंड फिरवलंस आधी!"

"मी फिरवलं? डेपोच्या दारात मला बघून रस्ता कुणी बदलला?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही उगाच नाही. दोघे खोलीच्या मध्यावर ट्रंकेच्या दोन बाजूंना उभे राहून भांडत होते. एकमेकांकडे बघून, एकमेकांचं बोलणं तोडत, मधलीकडे एकदाही न वळता. मधली भिंतीला टेकली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसावंसं वाटत नव्हतं. इतकं चांगलं भांडण तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

दारात एक जाडजूड बाई डोकावली. हातात पिशवी, चेहऱ्यावर संताप. "गाडी आज जाणार आहे की उद्या? दोन गाड्या उभ्या आहेत आणि दोन्ही ड्रायव्हर इथे तमाशा करतायत!"

"एकच गाडी जाईल," थोरला म्हणाला.

त्याने धाकट्याच्या हातातलं कडं घेतलं नाही. उलट कोटाच्या खिशातून आपलं हँडल काढलं. पितळी, हाताच्या घामाने काळं पडलेलं, आधी बाबांचं. याच्याशिवाय गाडी हलत नाही. ते त्याने टेबलावर ठेवलं, आणि या वेळी नीट मध्यावर ठेवण्यासाठी दुसऱ्या हाताने आधी टेबलाचा काठ चाचपून घेतला.

"कडं हातात नसलं तर पुढे जायचं नाही," तो म्हणाला. "आणि कडं दिसतच नसलं तर मुळीच नाही. माझी गाडी इथेच राहू दे जोडरुळावर. तू सगळ्यांना आपल्या गाडीत घे, आधी खाली चल. मीही येतो. त्या वेळी साहेबाला तुझं नाव मी सांगितलं होतं. आज माझं मीच सांगतो."

धाकट्याने दोन्ही कडी खांद्यावर नीट केली आणि हँडल उचलून दादाच्या खिशात परत ठेवलं. "हे तुझं. माझं माझ्याकडे आहे."

बाहेर गोंधळच गोंधळ झाला. खाली जाणारी माणसं वर जाणाऱ्या गाडीत चढली. वर जाणाऱ्यांनी, आम्ही आधी आलो, म्हणून आरडाओरडा केला. खाणीच्या पाळीला निघालेले दोन बुवा तर वैतागून पायीच निघाले. धाकट्याने आपलं हँडल घेऊन गाडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिला खालच्या दिशेने वळतं केलं. थोरला चाचपडत पायरी चढला आणि ड्रायव्हरच्या जागेमागच्या पहिल्या बाकावर बसला. त्या बाकावर तो या लाईनवर कधीच बसला नव्हता. तिथून पुढचं नीट दिसत नाही हे त्याला आत्ता कळलं असणार.

मधली फाटकाशी आली. पलीकडच्या रुळावर थोरल्याची गाडी रिकामी उभी होती. तिच्या एका बाकावर कुणीतरी विसरलेली छत्री होती.

"ताई," धाकट्याने ड्रायव्हरच्या जागेवरून हाक मारली, "दादाला सांग, उतारावर गाडी धक्का देते. बाक नीट धर म्हणावं."

मधलीने कमरेवर हात ठेवले. "तो तुझ्या पाठीला गुडघा लावून बसलाय."

धाकटा ओशाळला. मग मान वळवून म्हणाला, "दादा, बाक धर. उतारावर धक्का बसतो."

"मला सांगतोस?" थोरला म्हणाला. "त्या उतारावर ब्रेक कसा लावायचा ते तुला मी शिकवलं. आणि अजून तू तो उशिरा लावतोस."

"उशिरा नाही लावत."

"लावतोस. माझ्या गाडीतून रोज दिसायचं."

"म्हणजे बघत होतास!"

"मग काय करणार? बोलायचं तर नव्हतंच."

गाडी हलली. वळणाआड जाईपर्यंत दोघांचे आवाज ऐकू येत राहिले, एक चढा आणि एक त्याहून चढा. मधली घरात आली. जावा दोघी मिळून फुटलेल्या कपाचे तुकडे गोळा करत होत्या. तिने चहाचं आधण ठेवलं आणि या वेळी उकळी येईपर्यंत तिथेच उभी राहिली. मग ट्रंक उघडून तिची उरलेली अर्धी बाजू भरायला घेतली.